मंडळीच्या (चर्चच्या) सभेत बोलताना: तुमचे अनुभव, युक्त्या, चुका

आल्याचा_चहा (धागाकर्ती): रविवारी बायबलमधला हन्नाचा पाठ होता, १ शमुवेल १. एली याजक तिला प्यालेली समजतो. ती रडत पळत नाही की भांडत नाही, "तसं नाही" म्हणून एका दमात कारण सांगते. ऐकताना जुनं बरंच आठवलं. वार्षिक सभा जवळ आल्यात, म्हणून हा धागा. नुसतं "धीर धरा" नको, नेमकं काय करायचं ते लिहा.

नगरची_सून: प्रश्न आधी लेखी द्या, दोन प्रती. एकीवर सेक्रेटरीची सही-तारीख घ्या. पोच नसेल तर "आमच्याकडे आलंच नाही" ठरलेलं. प्रश्न एकच, दोन वाक्यांत. तीन विचारले की सोप्याचं उत्तर देऊन बसवतात.

डबा_भरतेय: अनुमोदन कोण देणार ते आदल्या दिवशीच ठरवा, आणि ती शेजारीच बसू दे. मागच्या बाकावर नको, माईक तिथवर पोचतच नाही. पहिलं वाक्य पाठ हवं, आवाज तिथेच कापतो. "मी फार शिकलेली नाही पण" ने सुरुवात केली तर संपलंच

वसईकरीण: आमच्याकडे कॅथलिकांत अशी सभा नाही हो, पॅरिश कौन्सिल (चर्चची सल्लागार समिती) असते. विषय अजेंड्यावर चढवून घ्यावा लागतो. "इतर विषय" मध्ये गेला की तोवर चहा आलेला असतो 😄

डबा_भरतेय: चहा स्त्री-मंडळानेच केलेला, म्हणजे विचारणारी स्वयंपाकघरात!!

नगरची_सून: हो ना. त्या दिवशी चहा बाहेरून मागवा.

आल्याचा_चहा: आणि "ताई, हा विषय प्रार्थनेत ठेवू या" म्हणाले तर?

नगरची_सून: "प्रार्थना आत्ता करू, आणि उत्तराची तारीख कार्यवृत्तात लिहा." हसून म्हणायचं. मंडळीचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर वर्षाचा हिशेब आणि ऑडिट धर्मादाय आयुक्तांकडे जातो, तिथून नक्कल मागता येते. स्त्रियांचा फंड वेगळ्या ओळीत दाखवलाय की सर्वसाधारण दानात मिसळलाय, एवढंच बघा. भांडण बहुतेक वेळा तिथेच असतं.

पेन्शनर_बाई: १ करिंथ १४:३४, "स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं", तोंडावर फेकतात. त्याच पत्रात ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, मस्तक झाकण्याबद्दल वाद आहे फक्त. शिवाय प्रेषित १८:२६, प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला अपुल्लो या उपदेशकाला बाजूला घेऊन नीट समजावतात. वचनं तीनच ठेवा, दहा नकोत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे इंग्लंडमधल्या मठवासी सिस्टर जेराल्डिनशी सिद्धांतावर पत्रांतून वाद घातला. पुरुषांना शिकवायचं नाही असं बिशप म्हणाले, तेही त्यांनी मुकाट्याने ऐकलं नाही. सगळं कागदावर, म्हणून आज वाचता येतं.

सातबारा: सभेपेक्षा घरात बोलणं अवघड. वडील मृत्युपत्र न करता गेले तर आपल्याला ख्रिस्ती म्हणून भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. आई हयात असेल तर तिचा एक तृतीयांश, उरलेल्यात मुलगा-मुलगी समान. केरळच्या मेरी रॉय यांच्या खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा १९८६ चा निकाल त्रावणकोरच्या जुन्या कायद्याबद्दल होता, आपल्याकडे तो दाखवायची गरजच नाही. चूक कुठे होते? चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर "सही कर ग" म्हणून हक्कसोडपत्र पुढे येतं. तेव्हा "वाचून आठवड्याने सांगते" म्हणा आणि झेरॉक्स घेऊन या. वारस नोंदीत आपलं नाव आहे का तेही बघा. बायबलमधल्या सलाफहादाच्या पाच मुली (गणना २७) मोशेपुढे उभ्या राहिल्या त्याही वाट्यासाठीच.

मडगावहून: गोव्यात वेगळं बरं का. वारशाला आधी १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा होता, आता गोव्याचा २०१२ चा वारसा कायदा आहे, पण मृत्युपत्र करूनही मुलांचा ठरलेला निम्मा हिस्सा काढता येत नाही.

घाईत: शाळा-हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांसाठी: लैंगिक त्रास झाला तर त्याविरुद्धचा २०१३ चा कायदा, अंतर्गत समितीकडे तक्रार ३ महिन्यांत, ६ प्रती. संस्था मिशनची असली तरी लागू. १० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आधी फादर-पाळकांना सांगत बसलात की महिने तिथेच जातात

वसईकरीण: ६ प्रती?? प्रिंटरच बंद पडलाय माझा

डबा_भरतेय: कॅरलच्या सरावाला ये, तिथे झेरॉक्स मशीन आहे. उपासना संगीत (गीतांचं पुस्तक) पण आण, मागच्या वेळी चारच प्रती होत्या