डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) ९,००० असूनही स्किड (प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर अभाव)? टी-बी-एनकेचा फ्लो रिपोर्ट कसा वाचायचा

अमळनेर_लॅब
पाच महिन्यांचा मुलगा. तोंडातली बुरशी औषधाने जाते, पुन्हा येते. जुलाब थांबत नाहीत. डाव्या दंडावरची बीसीजीची जागा चिघळली आहे. डब्ल्यूबीसी ९,०००, त्यात लिम्फोसाइट (म्हणजे टी, बी आणि एनके पेशी) १४ टक्के. एकूण आकडा बघून सीबीसी नॉर्मल धरली गेली. फ्लोमध्ये (या पेशी प्रकारानुसार मोजणारी तपासणी) टी पेशी जवळजवळ शून्य, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी भरपूर, एनके नाहीत. बी इतक्या असून अँटिबॉडी का नाहीत? आणि दोष कुठल्या जीनमध्ये शोधायचा?

भुसावळ_बालरोग
ताई, ९,००० चे १४ टक्के म्हणजे १,२६०. या वयात लिम्फोसाइट ३,००० च्या खाली गेले की तिथेच थांबून विचार करायचा. इन्फेक्शनमुळे न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी चढतात आणि एकूण आकडा चांगला दिसतो, फसगत तिथे होते.

मुलगा आहे आणि टी, एनके दोन्ही नाहीत, म्हणून पहिला संशय एक्स गुणसूत्रावरच्या आयएल२आरजी जीनचा. आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, पेशींमधले निरोप; आयएल-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहांच्या रिसेप्टरमध्ये (निरोप घेणाऱ्या प्रथिनात) त्याचीच साखळी लागते. आयएल-७ चा निरोप पोचला नाही की छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशी तयार होत नाहीत, १५ चा नाही की एनके नाहीत. माणसाच्या बी पेशींचं ७ वाचून भागतं, त्यामुळे त्या बनतात. पण टी पेशींची मदत नाही आणि २१ चा निरोपही नाही, मग अँटिबॉडी येणार कुठून? आईचे भाऊ तान्हेपणी दगावले होते का, हे जरूर विचारा. याच साखळीचा निरोप पेशीत पुढे नेणारा जेएके३ बिघडला तरी रिपोर्ट हुबेहूब असाच येतो, मात्र तो मुलींनाही होतो.

धुळे_इम्युनो
थोडी भर. टी-बी दोन्ही नाहीत आणि एनके आहेत, तर रॅग१ किंवा रॅग२ हे जीन बघा. टी आणि बी पेशींच्या जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरसाठी डीएनए कापायचं काम यांचं. रिसेप्टर जुळला नाही की कोवळी पेशी मरते. एनकेला ही कापाकापी लागत नाही. तिन्ही नसतील तर एडीए या एन्झाइमचा दोष: डीऑक्सिअ‍ॅडेनोसिन साठून पेशींना विषासारखं भिनतं. जेएके३, रॅग, एडीए या तिघांतही दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न झालंय का हा प्रश्न फॉर्मवर हवाच.

आणि टी पेशी दिसल्या म्हणून स्किड नाही असं समजू नका. आईच्या टी पेशी बाळात उतरलेल्या असू शकतात. सीडी४५आरए हा मार्कर लावून नाइव्ह (बाळाच्या स्वतःच्या थायमसमधून नव्याने आलेल्या) पेशी मोजा. आयजीजी ही अँटिबॉडी थोडी आढळली तर तीही बहुधा आईचीच.

भुसावळ_बालरोग
सॅम्पलचं सांगतो. परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएचला (राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था) पाठवायचं तर आधी फोन करून वेळ ठरवा. ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये २-३ मिली, शक्यतो २४ तासांत पोचलं पाहिजे. बर्फावर ठेवायचं नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ ला जातो, तेव्हा थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून, ट्यूबला न टेकवता ठेवा.

रक्त चढवायच्या आधी सॅम्पल घ्या. चढवावंच लागलं तर २५ ग्रे किरणांनी इरॅडिएट केलेलं, पांढऱ्या पेशी गाळलेलं. साध्या रक्तातल्या टी पेशी बाळावरच उलटतात. तोंडाचा पोलिओ आणि रोटा या जिवंत लसींचे डोस आजपासून बंद.