लिनक्सवर व्हिडिओ अडला तर तुम्ही काय केलंत? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

परवा कसबा बावड्यातून मामेभावाचा फोन आला. "दादा, नुसतं गोल फिरालंय, व्हिडिओ सुरूच होईना. नेट तर चांगलं हाय." लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट, ब्राउझर फायरफॉक्स. माझ्याकडं फोन येण्याआधी त्यानं राउटर दोनदा बंद-चालू केला होता, ब्राउझर काढून परत टाकला होता आणि शेजारचा मुलगा 'सगळंच नव्यानं टाकूया' म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन बसला होता.

मी गेलो, अॅड-ऑन्सचं, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, पान उघडलं. तीन जाहिरातरोधक एकाखाली एक, तिन्ही चालू. तिघांनी दिलेले तीन सल्ले होते ते. एक जाहिरातीची मागणीच तोडतो, दुसरा तिच्या जागी स्वतःचा रिकामा तुकडा बसवतो, तिसरा चौकोनच लपवतो. या ओढाताणीत प्लेअर वाट बघत बसतो. दोन काढले, पान पुन्हा उघडलं, व्हिडिओ सुरू. युब्लॉक ओरिजिन हा जाहिरातरोधक बनवणारे स्वतःच सांगतात की त्याच्या जोडीला दुसरा जाहिरातरोधक ठेवू नका. काम चार मिनिटांचं होतं, भावाचे दोन दिवस गेले होते.

म्हणून हा धागा. आपल्याकडं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो घरात फिरता ठेवणारे बरेच आहेत. अडलं की इंग्रजी उत्तरं निम्मी कळतात, आणि निम्मं कळलेलं उत्तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवणं धोक्याचं. पडद्यावर नेमकं काय दिसत होतं आणि शेवटी काय काढल्यावर किंवा बदलल्यावर चाललं, ते सविस्तर लिहा. जुने अनुभवही चालतील.

उद्यमनगर, वर्कशॉप

माझी गोष्ट २००९ ची. तेव्हा ही मारामारी डोळ्यांनी बघता यायची, म्हणून सांगतो.

ऑफिसात ६४ बिटचं उबंटू (हेही लिनक्सच) होतं आणि फ्लॅशचा प्लगइन, म्हणजे तेव्हा ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारा जोडभाग, ३२ बिटचा. मध्ये एनएसप्लगइनरॅपर नावाचा दुभाष्या लागायचा. तो मेला की व्हिडिओच्या जागी करडा चौकोन. पण आमची खरी अडचण वेगळीच होती. मशीनच्या दुरुस्तीच्या क्लिपा तेव्हा विंडोज मीडिया नाहीतर क्विकटाइममध्ये असायच्या. त्या ब्राउझरमध्ये चालाव्यात म्हणून मी टोटेम या प्लेअरचा प्लगइन टाकला, मग एमप्लेअरचा, मग व्हीएलसीचा. जेवढे जास्त तेवढं बरं, अशी माझी समजूत. क्लिप कधी चालायची, कधी नुसती काळी पट्टी. अपडेट झालं की पुन्हा वेगळंच.

एकानं सांगितलं, अॅड्रेसच्या जागी 'अबाउट', कोलन आणि 'प्लगइन्स' टाइप कर. लांबलचक तक्ता आला. कोणता प्लगइन कोणत्या प्रकारची फाइल उचलतो त्याची यादी. क्विकटाइमची ओळ तीनदा होती, तिन्ही प्लगइनांच्या खाली. तिघंही म्हणत होते, हा माल माझा. ब्राउझर देणार एकालाच, आणि कोणाला ते आपल्या हातात नाही. ज्याला दिला त्याच्याकडं योग्य कोडेक, म्हणजे ती फाइल उलगडायचं तंत्र, नसला की संपलं.

टोटेम आणि व्हीएलसीचे प्लगइन पॅकेज काढून टाकले. तरी तक्त्यात जुनीच नावं. तिथं मी अर्धा दिवस घालवला. फायरफॉक्स ही यादी प्रोफाइलच्या (आपल्या सेटिंग्ज आणि अॅड-ऑन्स जिथं राहतात त्या) फोल्डरमध्ये प्लगइनरेग डॉट डॅट नावाच्या फाइलीत लिहून ठेवायचा. फायरफॉक्स बंद केला, ती फाइल उडवली, परत उघडला. नवी यादी, क्विकटाइमची एकच ओळ. स्पिंडलचं बेअरिंग बदलायची क्लिप होती. आम्ही चौघांनी हातातली कामं ठेवून उभ्या उभ्या पूर्ण बघितली आणि दुपारी बेअरिंग बदललंसुद्धा.

तसले प्लगइन आता राहिले नाहीत. क्रोमनं लिनक्सवर ते २०१४ मध्ये बंद केले. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीपासून. फक्त फ्लॅशला पुढं मुभा होती. पण धाग्याच्या सुरुवातीचे तीन जाहिरातरोधक वाचले आणि मला तो तक्ताच आठवला.

शिवाजी पेठ

(आमच्यात बायकाही आलो-गेलोच म्हणतात, तसंच लिहितो.) २०१२ साल असेल. आबांना कुस्तीचं वेड. गुडघ्यामुळं खासबागेत जाणं बंद झालेलं, म्हणून मी त्यांना यूट्यूबवर जुन्या कुस्त्या लावून देत होतो. एक दिवस अपडेट झालं आणि पैलवान निळे. माती पण निळी. आबा चष्मा पुसून पुसून बघालेत. "अगं, तांबडी माती अशी कशी दिसालीया? माझ्या डोळ्यात काय झालंय का?" मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता, मी घाबरलो. डॉक्टरांचा नंबर लावायच्या आधी सहज दुसरा फोटो उघडून बघितला, तर त्याचे रंग बरोबर.

भाऊ आल्यावर कळलं. लाल आणि निळ्या रंगांची अदलाबदल होत होती. फ्लॅश व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक कार्डाकडं द्यायचा, आणि त्या देवाणघेवाणीत रंग उलटे व्हायचे. व्हिडिओवर राइट क्लिक, सेटिंग्ज, हार्डवेअर प्रवेगाची, म्हणजे कार्डाकडं काम द्यायची, खूण काढली. पान परत उघडल्यावर माती तांबडी झाली. आबांचा चेहरा मला अजून आठवतोय.

जयसिंगपूर

माझं प्लगइनचं नव्हतंच, पण लिहितो, म्हणजे कुणाचा वेळ वाचेल. २०१९ च्या पुरात लॅपटॉप माळ्यावर टाकून आम्ही पाहुण्यांकडं गेलो. दोन-तीन महिन्यांनी काढला तर एकही व्हिडिओ सुरू होईना, बऱ्याच साइट 'सुरक्षित नाही' म्हणायच्या. मी सगळी अॅड-ऑन्स काढली. काही उपयोग नाही. शेवटी कोपऱ्यातल्या घड्याळाकडं लक्ष गेलं, वर्ष भलतंच जुनं. आतली छोटी बॅटरी उतरली होती. तारीख चुकली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं. आधी घड्याळ बघा.

धागाकर्ता

जयसिंगपूरकर, चांगलं सांगितलंत. पुढच्यांसाठी एक भर घालतो: फायरफॉक्सच्या मेनूत 'मदत'मध्ये ट्रबलशूट मोड आहे. त्यात सगळी अॅड-ऑन्स तात्पुरती बंद होतात, ग्राफिक कार्डाकडं दिलेलं कामही थांबतं. व्हिडिओ तिथंही चालला नाही तर अॅड-ऑनच्या मागं लागू नका. क्रोमवर नवं प्रोफाइल उघडून बघा, अॅड-ऑन्सपुरतं तेच काम होतं.

विद्यापीठ परिसर, एमएस्सी

माझ्या लॅपटॉपवर यूट्यूब नीट चालायचं आणि एका ओटीटीवर मात्र 'हा ब्राउझर चालणार नाही' असा निरोप. क्रोम ज्यावरून बनतो तो क्रोमियम वापरत होतो. त्यात वाइडवाइन हा कुलूप उघडणारा भाग नसतो, तो क्रोममध्ये असतो हे तेव्हा माहीत नव्हतं. फायरफॉक्समध्ये लिनक्ससाठी तो २०१६ मध्ये, ४९ व्या आवृत्तीपासून आला. फायरफॉक्स घेतला, सेटिंग्जमध्ये डीआरएमची, म्हणजे कुलूपबंद व्हिडिओ चालवायची, खूण केली. मुखपृष्ठ दिसलं, मालिका दिसल्या, प्ले दाबलं की पुन्हा चूक.

लॅपटॉप थोरल्या भावाचा. त्यानं कधीकाळी कुठल्या तरी साइटसाठी 'मी विंडोज आहे' असं सांगणारं युजर एजंट बदलायचं अॅड-ऑन टाकलेलं. त्या काळी ती युक्ती खरंच कामाची होती, लिनक्स दिसला की दार लावणाऱ्या साइट होत्या. आता तीच युक्ती आडवी येत होती. साइट विंडोजचा हिशोब धरून प्लेअर पाठवायची आणि परवाना घ्यायच्या पायरीवर अडकायची. फायरफॉक्सचं प्रोफाइल नव्या लिनक्सवर उचलून आणलं की असलं जुनं सामान बरोबर येतं. अॅड-ऑन काढलं आणि पाचव्या मिनिटाला पहिला भाग सुरू.

आणखी एक. त्यानंतर चित्र ७२० च्या वर जाईना, म्हणून मी 'फुल एचडी करून देतो' म्हणणारं अॅड-ऑन टाकलं. त्यानं प्लेअर मधेच बंद पडायला लागला. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये वाइडवाइन सॉफ्टवेअरच्या पातळीवर चालतं आणि बऱ्याच सेवा त्या पातळीला कमी रेझोल्यूशनच देतात. माझ्या सेटिंगमध्ये काही बिघाड नव्हता. ते अॅड-ऑनही काढलं.

इचलकरंजी

मोठी मुलगी बारावीला, लेक्चर ऑनलाइन. लॅपटॉप २०११ चा. व्हिडिओ पाच मिनिटं चालला की पंखा यंत्रमागासारखा आवाज करायचा आणि चित्र अडखळायचं, आवाज पुढं, ओठ मागं. मी नेटवाल्याशी भांडलो, प्लॅन वाढवला. फरक शून्य.

मग प्लेअरवर राइट क्लिक करून ती आकडेवारीची खिडकी उघडली. कोडेकसमोर व्हीपी०९, म्हणजे व्हीपी९, लिहिलेलं. जुन्या ग्राफिक चिपला व्हीपी९ उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. एच२६४ तिला जमतं. एच२६४इफाय नावाचं छोटं अॅड-ऑन यूट्यूबला सांगतं की मला एच२६४ च दे. टाकलं, तरी कधी एव्हीसी१ (म्हणजे एच२६४) दिसायचं, कधी परत व्हीपी०९. कारण मुलीनं आधीच एक 'प्लेअर सुधारक' टाकलेला, जो दर वेळी सगळ्यात वरची क्वालिटी निवडायचा. ती एच२६४ मध्ये मिळत नाही. यूट्यूब एच२६४ मध्ये १०८० च्या वर देतच नाही. सुधारक बंद केल्यावर एव्हीसी१ कायम राहिलं. त्यानंतर व्हिडिओ उलगडायचं काम जुन्या इंटेल चिपकडं देणारा, आय९६५ चा व्हीए-एपीआय ड्रायव्हर बसवला आणि प्रोसेसरवरचा भार निम्म्याच्याही खाली आला. नव्या इंटेलवर फायरफॉक्स ११५ पासून, म्हणजे जुलै २०२३ पासून, हे आपोआप होतं म्हणे, जुन्यावर खटपट करावी लागते. वाढवलेला प्लॅन परत कमी केला. मुलीचं लेक्चर थांबत होतं आणि मी भलत्यालाच दोष देत बसलो, याचं वाईट वाटतं.

राजारामपुरी, बारावी गल्ली

उबंटू २२.०४ वाल्यांनी लक्ष द्या. तिथं फायरफॉक्स स्नॅप या उबंटूच्या नव्या पॅकेज पद्धतीतून येतो. मी वेगळा डेब या जुन्या पद्धतीच्या पॅकेजचाही टाकलेला. दोघांचं चिन्ह सारखंच. एकाचं प्रोफाइल होम फोल्डरातल्या मोझिला फोल्डरमध्ये, दुसऱ्याचं स्नॅपच्या फोल्डरात. मी एकात अॅड-ऑन बंद करायचो आणि डॉकवरून दुसराच उघडायचो. आठवडाभर. 'अबाउट' कोलन 'प्रोफाइल्स' उघडलं की चालू प्रोफाइलचा पूर्ण पत्ता दिसतो, त्यावरून कळलं. एकच ठेवा.

मंगळवार पेठ

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे घरचंच कार्य. शाहू स्टेडियमवर सामना असला की आजोबा आधी गॅलरीत असायचे. आता ऐंशीच्या पुढं, सामना लॅपटॉपवर लाइव्ह बघतात. ऐकू कमी येतं, म्हणून त्यांना मी आवाज मोठा करणारं अॅड-ऑन टाकून दिलं. ते काही दिवस चाललं. मग चुलत भावानं, त्यातही कमी वाटतो म्हणून, तसलंच आणखी एक टाकलं. मला सांगितलं नाही.

उपांत्य सामन्याच्या दिवशी चित्र स्वच्छ, आवाज गायब. आजोबांना वाटलं, आपलेच कान गेले. ते काहीच बोलले नाहीत, गप्प बसून चित्र बघत होते. मध्यंतरात मी चहा द्यायला गेलो तेव्हा मला कळलं.

हा धागा तेव्हा नव्हता, पण दर वेळी निम्मी अॅड-ऑन्स बंद करून दोषी शोधायची रीत मला माहीत होती. एकूण १४ अॅड-ऑन्स. सात बंद केली, आवाज नाही. म्हणजे दोषी उरलेल्या सातांत. त्यातली चार बंद केली, आवाज आला. त्या चारांतली दोन परत चालू केली, आवाज टिकला. राहिलेल्या दोघांकडं बघितलं तर दोन्ही आवाज वाढवणारी. ही अॅड-ऑन्स व्हिडिओचा आवाज मधेच उचलून स्वतःच्या मार्गानं नेतात, आणि एका व्हिडिओचा आवाज असा एकदाच उचलता येतो. एकानं धरला की दुसऱ्याला मिळत नाही. शिवाय व्हिडिओ दुसऱ्या साइटवरून येत असेल आणि तिची परवानगी नसेल तर उचललेल्या आवाजाच्या जागी नुसती शांतता येते, म्हणून एकटं अॅड-ऑनसुद्धा काही साइटवर मुकं होतं.

दोन्ही काढली. आवाज वाढवायला लिनक्समध्ये अॅड-ऑन लागतच नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये शंभराच्या वर न्यायची सोय असते, पट्टी पुढं सरकवली. समालोचकाचा आवाज जरा फाटका येत होता, पण येत होता. उत्तरार्ध सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. आजोबा खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "आता सांग, पयला गोल कुणी मारला?"