सिंहाच्या छाव्याला बाटलीने दूध पाजायला आफ्रिकेत जाणाऱ्यांनो, जरा थांबा

रानभूल

परवा इथे 'लेकीचे छावे' असा एक लेख आला, बहुतेकांनी वाचलाच असेल. नसेल वाचला तर थोडक्यात: लेखिकेची लेक कॉलेजच्या सुट्टीत साऊथ आफ्रिकेतल्या एका सिंहांच्या 'अभयारण्यात' पैसे भरून व्हॉलंटियर म्हणून राहून आली, तिथे आईने टाकलेल्या छाव्यांना रात्री उठून बाटलीने दूध पाजलं, आणि ते मोठे झाले की त्यांना जंगलात सोडणार आहेत. खाली 'अभिमान वाटतो', 'डोळे पाणावले', 'आमच्या चिरंजीवांसाठी कॉन्टॅक्ट मिळेल का' अशी रांग. मी दोन ओळींची शंका विचारली तर 'प्रत्येकात खोट काढायची सवय असते काहींना' असं उत्तर मिळालं. म्हणून वेगळा धागा काढतोय, आणि लांब लिहिणारे. कंटाळा आला तर पुढे जा.

पहिली गोष्ट, दर महिन्याला नव्या बॅचला पुरतील एवढे छावे आया टाकतात तरी कशा? जंगलातली सिंहीण पिल्लं जवळजवळ दोन वर्षं सांभाळते आणि तोवर सहसा पुन्हा गाभण राहत नाही. पण पिल्लं काढून घेतली की थोड्याच आठवड्यांत ती परत माजावर येते आणि पुढे साडेतीन-पावणेचार महिन्यांत नवीन वेत. आता कळलं का 'अनाथ' कुठून येतात? डोळे उघडायच्या सुमाराला आईपासून उचलायचे, फी भरून आलेल्या पोरांच्या मांडीवर द्यायचे, नखं लागायला लागली की 'सिंहांसोबत चाला'चं तिकीट लावायचं, आणि मग त्यातल्या बऱ्याच जणांची रवानगी परत प्रजननाला, नाहीतर कुंपणातल्या शिकारीला (पैसे भरून बंदिस्त सिंह मारायचा), नाहीतर हाडांच्या धंद्यात. हाडं आग्नेय आशियात जातात, पारंपरिक औषधांत वाघाच्या हाडांऐवजी. हे चोरून चालत होतं असंही नाही, २०१७ ला तिथल्या सरकारने वर्षाला ८०० सांगाड्यांच्या निर्यातीचा अधिकृत कोटा ठरवला होता, २०१९ ला प्रिटोरियाच्या हायकोर्टाने २०१७ आणि २०१८ चे कोटे बेकायदा ठरवले. २०२१ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी जाहीर केलं की बंदिस्त सिंहांची पैदास, पिल्लं कुरवाळणं, सगळं थांबवणार. त्या देशात पिंजऱ्यातले सिंह ८ ते १२ हजार आणि रानातले तीन-साडेतीन हजार. म्हणजे रानात सोडायला सिंह कमी पडतायत म्हणून पैदास चाललीय असं नाहीये हो. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह रानात सोडायचा म्हणजे त्याला माणसाची भीतीच नाही, तो थेट गोठ्याकडे जाणार. असे कोण सोडू देणार आहे?

मुलीला दोष देत नाहीये. तिला फसवलंय. पण आईबापांनी निदान एक प्रश्न विचारावा, की मागच्या वर्षीचे छावे आता कुठे आहेत.

मोगरा

मीच ती लेखिका. नाव न घेता धागा काढायची पद्धत आवडली.

माझी लेक पहाटे उठून कोंबड्यांचं मांस कुऱ्हाडीने तोडत होती आणि पिंजऱ्यातली घाण फावड्याने ओढत होती, जिने घरी आयुष्यात कधी कोथिंबीर निवडलेली नाही. तिच्या वर्गातली बाकीची मुलं त्याच सुट्टीत पटायाला जाऊन आली, त्यांच्यावर नाही काढलात धागा. तिला तिथे शिकार-बिकार काहीही दिसली नाही. तुम्ही गेला आहात का तिथे? की सगळं खुर्चीत बसून?

आणि तुमच्या प्रोफाइलला जिप्सीत उभं राहून मोठी लेन्स धरलेला फोटो आहे तो ताडोबाचाच ना? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्हीकडून गाड्या लावून अडवली होती, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ते तुमच्यासारखेच निसर्गप्रेमी होते. आमची पोरगी निदान दूध तरी पाजत होती.

रानभूल

त्या दिवशी मी उमरेडला नव्हतो आणि तो फोटो पेंचचा आहे. बाकी सफारीबद्दल म्हणाल तर मान्य, आपल्याकडे जे चालतं ते किळसवाणं आहे. पण त्याने सिंहांच्या धंद्याचं पाप धुतलं जातं का?

खडूस

मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय, पण एक मुद्दा कुणीच घेत नाही. साऊथ आफ्रिकेत बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर आहे. तिथल्या पोराला पगार देऊन जे शेण उचलून घ्यायचं तेच काम आपली कोथरूडची पोरं विमानाचं तिकीट काढून, वर फी भरून करतात, आणि आल्यावर लिंक्डइनवर 'वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन एक्सपीरियन्स' लिहितात. परदेशी युनिव्हर्सिटीच्या अर्जासाठी चाललंय हे सगळं. छावा फक्त फोटोपुरता.

बाकरवडी

एकूण खर्च किती आला सांगेल का कुणी? आणि व्हिसा टूरिस्टच लागतो का वेगळा? (भांडण चालू द्या, मी फक्त विचारतोय.)

डर्बनकर

नोकरीमुळे इथे राहतो म्हणून लिहितो. दोन्हीकडचं अर्धवट आहे.

रानभूल यांनी सिंहांबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, इथे कुणालाही विचारा. पण 'परदेशात जाऊन व्हॉलंटियर' म्हटलं की सगळं फसवणूकच असा सूर लागलाय तो साफ चुकीचा. डर्बनहून तीन-साडेतीन तासांवर श्लुश्लुवे-इम्फोलोझी पार्क आहे. आज जगात दक्षिणेकडचे जेवढे पांढरे गेंडे आहेत ते सगळे इथल्या शंभरापेक्षाही कमी उरलेल्या गेंड्यांचे वंशज. त्याच पार्कात २०२३ या एका वर्षात ३०० च्या वर गेंडे शिकाऱ्यांनी मारले. या भागातल्या रिझर्व्हमध्ये पैसे भरून येणारे व्हॉलंटियर रानकुत्र्यांच्या मागावर जातात. माझी भाची आली होती. पहाटे चारला उठायचं, उघड्या गाडीच्या मागे कुडकुडत बसायचं, हातात अँटेना धरून गोल फिरवायची आणि कुत्र्यांच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरची टिक-टिक कुठल्या दिशेला मोठी येते ते सांगायचं. कुत्रे दिसले तर किती, कोण लंगडतोय, कुणाच्या गळ्यात तारेचा फास अडकलाय का, एवढं वहीत उतरवायचं. नाही दिसले तर नाही दिसले. दुपारी कॅमेरा ट्रॅपचे (रानात लावलेले, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) फोटो चाळायचे, त्यातले निम्मे वाऱ्याने हललेल्या गवताचे. पहिल्याच आठवड्यात फोनवर रडली, मामा इथे कशालाच हात लावू देत नाहीत म्हणून. तिची फी पेट्रोल आणि कॉलरच्या खर्चात जाते. खडूस, तुम्ही म्हणता स्थानिकाला पगार द्या. देतात, ट्रॅकर आणि मॉनिटर पगारीच असतात, पण त्यांचा पगार यायचा कुठून? कोविडमध्ये पर्यटक थांबले तेव्हा अशा कामांचे पैसे आटले, ते आम्ही बघितलंय.

बाकरवडी, भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. कुठला ते ज्या संस्थेत जाणार तिच्याकडून लेखी घ्या, कुणा एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

चांद्याची पोर

वाचून वाचून डोकं फिरलं म्हणून लिहिते. आमच्याकडे या दिवसात बाया पहाटे अंधारात मोहफूल वेचायला निघतात, वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस वाटतच नाही. ताडोबाच्या बफरमधल्या गावांत पीआरटीची (प्रायमरी रिस्पॉन्स टीम) पोरं आहेत, तीही व्हॉलंटियरच, गावचीच, हातात काठी आणि शिटी. वाघ कुठे बसलाय ते बघून बायांना त्या बाजूला जाऊ द्यायचं नाही, कुणी मेलं तर चिडलेल्या गर्दीला आवरायचं, वर वाघाला पण वाचवायचं, आणि शिव्या दोन्हीकडून. त्यांच्यावर कुणी लेख लिहिला का, डोळे पाणावले का कुणाचे? पुण्या-मुंबईच्या पोरांना सिंहाचं पिल्लू पाहिजे. इकडे येऊन एक आठवडा मोहाच्या बायांसोबत चालून दाखवा म्हणावं, फी पण नाही.

मोगरा

ताई, तुमच्या पोरांना नमस्कारच. पण माझ्या मुलीने तिकडे यावं म्हटलं तर तुमचंच वनखातं येऊ देईल का तिला? उगाच काहीही.

खडूस

रानभूल, मला एक सांगा. वन्यप्राण्याला हात लावणं वाईट, बाटलीने दूध पाजणं वाईट, मग हेमलकशाचं आमट्यांचं प्राण्यांचं अनाथालय? तिथले बिबट्यांसोबतचे फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. तिथे मात्र महाराष्ट्र हात जोडून उभा, आणि आपल्या पोरीने आफ्रिकेत जाऊन केलं की पाप.

रानभूल

हे तुम्ही मुद्दाम काढलंत. प्रकाश आमट्यांकडे आलेली पिल्लं माडिया लोकांच्या शिकारीत आई मेलेली होती, भूक होती म्हणून शिकार होती. तिथे पैदास करून विकत नाहीत, तिकीट लावून पिल्लू मांडीवर देत नाहीत. तुलनाच चुकीची.

खडूस

तुलना बरोबर आहे म्हणूनच झोंबली. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने हेमलकशाला नोटीस काढली होती ती पिंजऱ्यात शिरून प्राणी हाताळण्यावरूनच. तेव्हा इथलेच लोक प्राधिकरणावर तुटून पडले होते, बाबूंना काय कळतं म्हणून. नियम सगळ्यांना सारखा की आपल्या माणसाला वेगळा?

चांद्याची पोर

खडूस, तुम्ही भामरागडला कधी पावसाळ्यात आलात का? पर्लकोटा नदी फुगली की जगाशी संबंध तुटतो. तिथे जे उभं राहिलं ते नियमपुस्तक हातात धरून उभं राहिलं असतं का? दवाखाना, शाळा दिसत नाही, बिबट्याचा फोटो तेवढा दिसतो. लाज वाटली पाहिजे.

खडूस

दवाखान्याबद्दल मी काय बोललो? एका अक्षराने? मुद्दा प्राण्यांचा होता. देव्हाऱ्यात ठेवलेल्या माणसाबद्दल प्रश्न विचारला की 'तुम्ही तिथे आलात का', हेच मोगराताईंनी रानभूलना विचारलं तेव्हा सगळे हसलात.

बाकरवडी

😂 हे मात्र खरंय.

ऊसवाला

जुन्नरकडचा आहे, हेमलकशाचं भांडण बाजूला ठेवून हात लावायचा मुद्दा सांगतो. ऊसतोडीत दर हंगामाला फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. आधी तोडकरी मांजर समजून उचलतात, मग पोरं सेल्फी काढतात, मग वनखात्याला फोन. आमच्या फडात सापडली तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं तर सगळ्या गावाला हाकलून लावलं. पिल्लं तपासली, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली आणि अंधार पडायला लागल्यावर क्रेट होता तिथेच, त्याच सरीत. कॅमेरा लावला आणि माणसं लांब. माझे वडील म्हणत होते अरे दूध तरी घाला, उपाशी आहेत. नाही घातलं. रात्री मादी आली, क्रेट आडवा केला, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. दूध पाजत बसलो असतो तर ती पिल्लं आज पिंजऱ्यात असती.

श्रीलंकेत उडवलवेला गेलो होतो, तिथे हत्तीची अनाथ पिल्लं रानात सोडायची असतात म्हणून दूध नरसाळ्याने नळीतून, घटाघटा, आणि हाकलून पुढचा नंबर. लोक लांब कठड्याच्या मागे. बायको म्हणाली, किती कोरडे आहेत हे लोक. कोरडे आहेत म्हणूनच तिथले शंभरच्या वर हत्ती परत रानात गेलेत.

मोगरा

बरं. आता मी पण थोडं वाचलंय, फक्त तुम्हीच वाचता असं नाही. थायलंडला कांचनाबुरीत वाघांचं मंदिर होतं, तिथेही व्हॉलंटियर होते आणि तिथेही वाघ कुरवाळायचे. २०१६ ला धाड पडली, फ्रीझरमध्ये ४० पिल्लं मेलेली सापडली. भयंकर आहे, मान्य. पण पुढचं का नाही सांगत कुणी? जवळजवळ दीडशे वाघ सरकारने ताब्यात घेतले आणि २०१९ पर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त मेले. 'बंद करा' म्हणणं सोपं आहे. उद्या साऊथ आफ्रिकेतले सगळे पार्क बंद केले तर ते ८ ते १२ हजार सिंह तुम्ही घरी नेणार आहात का?

डर्बनकर

हा प्रश्न मात्र खरा आहे आणि इथल्या सरकारलाही सुटलेला नाही. सध्या मालकांनी स्वखुशीने धंदा सोडावा असा मार्ग चाललाय. पण नवीन वेत थांबवल्याशिवाय आकडा कमी होणारच नाही ना? आणि वेत थांबलं की दूध पाजायला छावा नाही, छावा नाही तर व्हॉलंटियर नाही. त्यांचं सगळं तिथे अडतं. पिल्लं नसलेली, म्हाताऱ्या सिंहांची खरी आश्रयस्थानंही इथे आहेत, जिथे पैदास बंद आणि स्पर्श बंद. तिथे पोरं फार येत नाहीत. म्हातारा सिंह दिवसभर झोपतो.

रानभूल

मोगराताई, थायलंडचे वाघ मेले त्यात भाऊबंदांतल्या पैदाशीने आलेला अशक्तपणा आणि डिस्टेंपर हा विषाणूचा आजार ही कारणं सांगितली गेली. ती पैदास मंदिरातच झाली होती. तरी सरकारी पिंजऱ्यांची अवस्था काय असेल ते सांगायला नको, हे मान्य करतो.

मोगरा

केलंत एकदाचं मान्य, पेढे वाटते.

लेकीने तिथे मेल टाकला होता, ज्या दोन छाव्यांना ती पाजत होती ते आता कुठे आहेत म्हणून. उत्तर आलंय, 'दुसऱ्या रिझर्व्हला पाठवले'. कुठल्या, ते तिने परत विचारलं. त्यावर उत्तर नाही, पुढच्या सीझनचं डिस्काउंट कूपन आलंय. घ्या, झालं समाधान? लेखात खाली तशी ओळ टाकते. लेख काढणार नाही, तिच्या मेहनतीचा आहे. आणि कॉन्टॅक्ट मागणाऱ्यांनो, आता मागू नका.

चांद्याची पोर

मोगराताई, मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसायचं असतं, वनखातं फी घेऊन का होईना बसू देतं. पोरीला पाठवा. रात्रभर डास आणि रानडुक्कर, हात लावायला काही नाही.

खडूस

सगळं गोड झालं, छान. पण हेमलकशाच्या नोटिशीबद्दल मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

चांद्याची पोर

देणार पण नाही.