हार्डवेअर डिझाइनमधून क्वांटम कॉम्प्युटिंगकडे वळायचंय, पीएचडीशिवाय वाट आहे का?

मंडळी नमस्कार, मदत हवी आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा बीई, मुंबई युनिव्हर्सिटीचा, बरीच वर्षं बोर्ड डिझाइन आणि एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं प्रोग्राम करता येणारी चिप) करतोय, सध्या आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या कार्डांवर. राहायला डोंबिवली, हापिस ऐरोली, म्हणजे ठाण्याला गाडी बदलण्यात निम्मं आयुष्य चाललंय, ते असो.

क्वांटम म्हणजे सगळं फिजिक्सवाल्यांचं, आपलं काय काम असं मला वाटायचं. मग कळलं की सुपरकंडक्टिंग क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, १०-२० मिलिकेल्विनला, जवळपास निरपेक्ष शून्याला, डिल्युशन फ्रिज नावाच्या अतिथंड फ्रिजच्या तळाशी बसतो खरा, पण त्याला हलवतात मायक्रोवेव्ह पल्सनेच, ४ ते ८ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि एकेक गेट, म्हणजे क्युबिटवरची एक क्रिया, हा काही दहा नॅनोसेकंदांचा पल्स. आणि तो पल्स बनवणारा सगळा पसारा बाहेर रॅकमध्ये, साध्या खोलीच्या तापमानाला! डॅक (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणारा), क्लॉक, फेज नॉइज (सिग्नलच्या फेजमधली थरथर), चॅनेलमधला स्क्यू (वेळेचा फरक), हे तर आमचं रोजचंच रडगाणं. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या फिजिक्स लॅबचं क्विक म्हणून क्युबिट कंट्रोलचं ओपन सोर्स किट आहे, आरएफएसओसी बोर्डावर (एफपीजीए आणि डॅक एकाच चिपमध्ये) चालतं, त्याचा कोड उघडला तर बराचसा ओळखीचा निघाला. २०२५ चं फिजिक्सचं नोबेलसुद्धा क्लार्क, देवोरे, मार्टिनिसना सर्किटवरच्याच प्रयोगांसाठी मिळालं, तेव्हापासून तर किडा जास्तच वळवळतोय.

किस्किट (आयबीएमचं क्वांटम प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) शिकलो, त्यांच्या खऱ्या मशीनवर बेल स्टेट चालवून पाहिली, म्हणजे दोन क्युबिट असे जोडलेले की मोजल्यावर दोघांचं उत्तर सारखंच यावं. ००, ११ जवळपास निम्मे निम्मे आणि मध्येच थोडे ०१, १० घुसलेले, ते बघून सिम्युलेटरपेक्षा जास्त मजा आली, कारण नॉइज दिसला की आपण आपल्या घरी.

अडतोय हॅमिल्टोनियनमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या ऊर्जेच्या गणितात. रोटेटिंग फ्रेम (फिरत्या चौकटीतून बघायची युक्ती) आली की पुस्तक मिटतो. शिवाय होमलोन आहे, मुलगी यंदा पहिलीत जाईल आणि बायको म्हणते कर काय ते, पण आधी ईएमआयचं बोल. तर नोकरी सोडून पूर्णवेळ पीएचडी करावी, की नोकरी सांभाळून एक्स्टर्नल बघावी, की लॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणून शिरावं आणि तिथून रिसर्चकडे सरकावं?

केल्विनकाका: अरे, रोटेटिंग फ्रेमला काय घाबरतोस, रोज मिक्सरने सिग्नल खाली आणतोस ना? लोकल ऑसिलेटरसोबत आपणही फिरायचं की क्युबिट जवळपास थांबलेला दिसतो, बाकी भरभर फिरणाऱ्या टर्म सोडून द्यायच्या, झालं. आधी दोन पातळ्यांची सिस्टिम आणि राबी ऑसिलेशन (पल्स चालू असताना क्युबिटचं ० आणि १ मध्ये झुलणं) हाताने सोडव. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत सुपरकंडक्टिंग क्युबिटचं काम आहेच. २०२४ मध्ये ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी झाली, त्यात क्युबिट टीआयएफआरचे, क्लाउडचा इंटरफेस टीसीएसचा, आणि कंट्रोल-मेजरमेंटचा सेटअप डीआरडीओच्या पुण्याच्या लॅबने जुळवला, त्यात स्वतः प्रोग्राम केलेले डेव्हलपमेंट बोर्डही होते. वाच परत ते शेवटचं.

गिरगावकर: मी जरा पाणी ओततो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे ६००३ कोटी कागदावर छान दिसतात, पण लॅबमधली प्रोजेक्टची पोस्ट ठरावीक मुदतीची असते, ग्रांट संपली की पुढचं बघा. शिवाय कॉम्प्युटिंगचं हब बंगळुरूला आयआयएससीत आहे, पवईला आयआयटीत सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं, म्हणजे क्वांटम वापरून अचूक मोजमापाचं. मुंबई सोडायची नसेल तर सेन्सिंगकडेही बघा, तिथेही कमी नॉइजची इलेक्ट्रॉनिक्स लागतेच. रिसर्चमध्ये प्रश्न स्वतः ठरवायचे असतील तर पीएचडीला आज ना उद्या पर्याय नाही, हे माझं मत.

धागाकर्ता: काका, मिक्सरचं डोक्यात बसलं, आज रात्री राबी सोडवतो. गिरगावकर, सेन्सिंगचा विचारच केला नव्हता. आता एवढंच सांगा, लॅबला मेल टाकताना सीव्ही पाठवू, की क्विकवर काहीतरी छोटं चालवून त्याचा प्लॉट जोडू? बोर्ड महाग आहे पण हापिसात एक धूळ खात पडलाय, बॉसला विचारतो.