'ओवो'ला मराठीत काय म्हणावं?

पायवाट
मंगोलियात गाडीने केलेल्या भटकंतीवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात पानोपानी 'ओवो' भेटतो. खिंडीत किंवा डोंगरमाथ्यावर रचलेले दगड, मधोमध रोवलेला खांब, त्याला बांधलेली निळी रेशमी वस्त्रं. येणारा-जाणारा गाडी थांबवतो, तीन फेऱ्या मारतो, दर फेरीला एक दगड टाकतो आणि पुढे जातो. मी 'दगडांची रास' लिहिलं होतं. संपादकबाईंनी ते खोडून 'पवित्र शिलास्तूप' केलं. ते मला पटत नाही, पण 'रास' म्हटलं की खळ्यावरची ज्वारी दिसते, आणि 'ढीग' लिहावं तर रस्त्याचं काम चाललंय असं वाटतं. सुचवा काहीतरी.

बोरूबहाद्दर
स्तूप म्हटलं की वाचक थेट सांचीला पोचतो, तेव्हा तो नकोच. गंमत अशी की 'स्तूप'चा मूळ अर्थही ढीग, रास असाच. मंगोल भाषेत ओवोचाही तोच. 'ओवोलोख' म्हणजे ढीग घालणे. म्हणजे बाईंचं व्युत्पत्तीने बरोबर आहे, कानाला मात्र चुकतंय. तुम्ही 'रास'च ठेवा. ज्वारी दिसली तर दिसू दे. खळ्यावरच्या राशीचीही पूजा करतातच की.

शुद्धमती
सरळ 'शिलाराशी' करा. सुटसुटीत, संस्कृतोद्भव, आणि वाचकाला लगेच कळेल असा.

खिंडीतला
कळेल, पण चुकीचं कळेल. मी तिकडे जाऊन आलोय. उत्तरेकडच्या रानाच्या मुलखात दगडाऐवजी लाकडाचे ओवो असतात. ओंडके, फांद्या एकमेकींना टेकवून तंबूसारखे उभे केलेले. हव्सगल सरोवरापलीकडे दरखाद खोऱ्यात उतरताना एका खिंडीत असे तेरा ओवो ओळीने आहेत. त्यांना 'शिलाराशी' कसं म्हणणार? आणि दगडाच्या ओवोवर तरी नुसते दगड कुठे असतात? घोड्याच्या कवट्या, कुबड्या, जुनं स्टिअरिंग, टायर, चॉकलेटं, आरूल (वाळवलेलं दही, दात सांभाळून खायचं), तुग्रिकच्या नोटा आणि व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं गावाने कचरा आणून टाकलाय. आमच्या ड्रायव्हरने उतरून दूध शिंपडलं तेव्हा ट्यूब पेटली.

शुद्धमती
मग 'क्षेत्रपालराशी'. हसा खुशाल. 'महापौर'ही कुणीतरी घडवलाच होता ना?

टवाळ
क्षेत्रपालराशी! कन्या, तूळ, वृश्चिक, क्षेत्रपाल.

रानजाई
मला शिंगरोबा आठवला. बोरघाटात ट्रकवाले अजून नाणं टाकून पुढे जातात. कसाऱ्याला घाटनदेवी, साताऱ्याला खिंडीतला गणपती. आजोळी आम्ही खिंड चढून वर आलो की आजी वाटेतला एक खडा उचलायला लावायची आणि देवाच्या जागेवर ठेवायला सांगायची. ना मूर्ती, ना शेंदूर. देवाचं नाव विचारलं की म्हणायची, "खिंडीतली." बस. मला तर ओवो म्हणजे तीच वाटते. 'खिंडीतला देव' का नाही चालणार?

बोरूबहाद्दर
रानजाई, आजीची जागा जवळची आहे, शिंगरोबा मात्र नाही. ज्या धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली असं सांगतात, त्याचं ते स्थान. त्याला माणसाची गोष्ट आहे. ओवो असतो त्या जमिनीच्या धन्याचा. 'गाझरिन एझेन' म्हणतात, शब्दशः भूमीचा मालक. त्यालाच बौद्ध बाजूने 'लुस साव्दग' म्हणतात, तो शब्द तिबेटीतून आलेला. या कल्पनेला आपल्याकडे चपखल शब्द आहे, कोकण-गोव्यातला 'राखणदार'. पण राखणदार म्हणजे तो, त्याची जागा नव्हे. तुमचं घोडं तिथे अडणार.

पायवाट
'राखणदाराची जागा'? बरं वाटतंय, पण दर परिच्छेदात एवढं लांब लिहायचं? शनिवारी मजकूर द्यायचाय.

धोंडू
'चौथरा' म्हणा. देवाचा चौथरा सगळ्यांना समजतो.

रानजाई
चौथरा बांधलेला असतो हो. शिवाय २०१६ नंतर चौथरा म्हटलं की शनिशिंगणापूर आणि बायकांना वर जाऊ द्यायचं की नाही तो वाद, दुसरं काही डोळ्यांपुढे येत नाही.

खिंडीतला
तो वाद तिकडेही लागू आहे. काही पवित्र डोंगरांच्या माथ्यावर बायकांनी जायचं नाही अशी रीत आहे, पूजेला पुरुष वर आणि बायका खाली. सरकारी पूजाही होतात. समाजवादी राजवटीत हे सगळं दडपलेलं होतं, १९९० नंतर उघडपणे सुरू झालं, आणि १९९५ पासून बोग्द खान, बुरखान खालदून आणि ओतगोनतेंगेर या डोंगरांची पूजा राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने व्हायला लागली.

टवाळ
मुद्द्यावर या. ओवो हा मराठीच शब्द आहे. त्याच्याभोवती फिरतात, म्हणजे ओवाळतात, म्हणून ओवो. त्याला बांधतात तो 'खदग', म्हणजे आपला हादगा. त्याच्याभोवतीही फेर धरतातच. चंगीझखान मूळचा सदाशिव पेठेतला, हे सिद्ध व्हायला आता एवढंसंच उरलंय.

बोरूबहाद्दर
गंमत म्हणून ठीक, पण पुढच्या वर्षी हे कुणीतरी खरं म्हणून फिरवेल, त्यासाठी लिहून ठेवतो. जुन्या उभ्या मंगोल लिपीत ओवोमध्ये 'व' नाही, 'ब' आहे. सायबेरियातले बुर्यात लोक अजून 'ओबो' म्हणतात, चिनीत तो 'आओबाओ' झाला. ओवाळण्याशी काडीचा संबंध नाही. आणि 'खदग' तिबेटीतला. लडाखला गेलेल्यांच्या गळ्यात पडतो तो 'खाता' हाच.

शुद्धमती
एवढी माहिती आहे तर 'ओवो'च लिहा आणि मोकळे व्हा. मग मराठीची गरजच काय?

खिंडीतला
पहिल्या वेळी दोन ओळींत समजावून पुढे 'ओवो'च लिहावं, माझं तरी हेच मत. इग्लूला आपण 'हिमकुटी' म्हणतो का?

शुद्धमती
म्हणायला हवं होतं.

पायवाट
तोवर दुसरी अडचण. लेखात ओवोला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फेरी मारतात हे दहादा आलंय. घाईत असलेला ड्रायव्हर फेरी मारत नाही, तीनदा हॉर्न वाजवतो, पण ओवो उजव्या हाताला राहील असाच पुढे जातो. दरवेळी घड्याळ आणि काटा लिहून कंटाळा आला.

धोंडू
'प्रदक्षिणा' म्हणा, दिशा त्यातच आली. किंवा 'सव्य'. सव्य म्हणजे उजवीकडून, अपसव्य म्हणजे डावीकडून.

बोरूबहाद्दर
उलटं! सव्य म्हणजे मुळात डावा. सव्यसाची कोण? अर्जुन, डाव्या हातानेही बाण मारणारा. नेहमीचं जानवं डाव्या खांद्यावर असतं म्हणून ते सव्य. श्राद्धात उजव्या खांद्यावर घेतात ते अपसव्य.

धोंडू
आमच्या गुरुजींना सांगा. आणि कोशांत 'उजवा' हाही अर्थ दिलेला असतो, पाहून घ्या.

रानजाई
आमच्याकडे 'उजवी घालणे' म्हणतात. देवाला, पिंपळाला उजवी घालून जायचं. "ड्रायव्हर ओवोला उजवी घालून गेला." झालं की वाक्य.

पायवाट
अरे वा! हे उचलते.

टवाळ
'मुलगी उजवली' म्हणतात ते यातलंच का? सप्तपदी उजवीकडून म्हणून?

बोरूबहाद्दर
नाही. ते उजवणे 'उद्यापन'वरून आलंय, व्रत उजवतात तसं. उजवा आला 'ऋजु'वरून.

रानजाई
म्हणजे पोरगी वाढवणं हे व्रत आणि लग्न झालं की उद्यापन! मी हा शब्द घरात बोलू देत नाही.

धोंडू
शब्दाचा काय दोष? आमच्या वडिलांनी चार बहिणी उजवल्या, सगळ्या सुखात आहेत.

रानजाई
त्यांना विचारलंत का कधी?