मदत हवी आहे - निकेलोडियन चॅनलच्या सुरुवातीच्या काळाबद्दल

नमस्कार मंडळी, मुलांच्या टीव्हीवर एक मोठा लेख लिहायला घेतलाय आणि त्यात निकेलोडियनवर अख्खा भाग करायचाय. याची मुळं 1977 मधे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस शहरात आहेत, तिथे वॉर्नरच्या क्यूब नावाच्या केबल सेवेवर पिनव्हील म्हणून लहान मुलांचं चॅनल होतं, त्यातूनच 1 एप्रिल 1979 ला निकेलोडियन सुरू झालं आणि सुरुवातीची काही वर्षं तर त्यावर जाहिरातीच नव्हत्या!! पण चॅनल चालेना. मग 1984 मधे जेराल्डिन लेबॉर्न यांच्या हातात सूत्रं आली, तो नारंगी लोगो आला आणि मुलांना काय बघायचंय हे थेट मुलांनाच विचारायला लागले, मला तर हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो, 1991 मधे डग, रगरॅट्स आणि रेन अँड स्टिम्पी ही कार्टून्स आली ते त्यानंतरचं.

आता मदत अशी हवीये की 80 च्या दशकात अमेरिकेत राहिलेलं कुणी मराठी इथे असेल तर प्लीज सांगा, घरी मुलं हे चॅनल बघायची का, आणि जाहिराती यायला लागल्यावर फरक जाणवला का? आपल्याकडे ते 1999 मधे आलं, तेव्हा तुमच्या गावात केबलवाला दाखवायचा का, हेही हवंय. त्या काळातली मराठी पेपरातली कात्रणं कुणी जपून ठेवली असतील तर फोटो टाका ना, खूप उपयोग होईल.