‘ऑटोइम्यून’ला मराठीत काय म्हणावं? ‘प्रतिकारशक्ती’ने घोळ होतोय

आंबेमोहर
माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. तिच्या रुग्णगटासाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करतेय आणि पहिल्याच ओळीला अडलेय. ‘हा ऑटोइम्यून आजार आहे’ याचं मी ‘हा स्वयंप्रतिकार आजार आहे’ असं केलं आणि आत्याला वाचायला दिलं. आत्या म्हणाली, “म्हणजे शरीर आपणहून प्रतिकार करतंय ना? मग बरंच आहे की!” दुसऱ्या दिवशी ती गुळवेलीचा काढा घेऊन दारात. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून.
आत्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शब्दानेच तिला तिकडे नेलं. खरं तर इथे पांढऱ्या पेशी मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणालाच शत्रू समजतात. हे एका शब्दात कसं सांगू?

बोरू
दोष ‘स्वयं’चा आहे. मराठीत ‘स्वयं’ म्हणजे स्वतः किंवा आपणहून. स्वयंसेवक स्वतःची सेवा करत नाही. स्वयंचलित यंत्र आपणहून चालतं. क्रियेचा रोख स्वतःवर असला की आपण ‘आत्म’ लावतो: आत्मघात, आत्मवंचना, आत्मपरीक्षण. तेव्हा ‘आत्मप्रतिकार’ म्हणा.

सांडगा
@बोरू, मग ‘आत्मसंरक्षण’ वाचलेल्या माणसाला ‘आत्मप्रतिकार’ म्हणजे काय वाटेल? पुन्हा आत्याच्याच दारात आलो आपण. आणि शब्द पाडायचा कशाला? आमच्या घरी थायरॉइडचा असाच आजार आहे. आई चौथी शिकलेली, ती सरळ ‘ऑटोइम्यून’ म्हणते आणि शेजारणीला समजावूनही सांगते.

बोरू
आई समजावते कारण तिला कुणीतरी आधी मराठीत समजावलंय. शब्द नको म्हणणं सोपं आहे. पण उद्या शाळेच्या पुस्तकात काय छापणार?

तिरफळ
मी प्रयोगशाळेत याच पेशींवर काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. माझ्या मते ‘स्वयं’पेक्षा मोठा गुन्हेगार ‘शक्ती’ आहे. शक्ती म्हटलं की ती कमी असते किंवा जास्त, आणि जास्त असलेली बरी. एमएसमध्ये कमी-जास्तीचा प्रश्नच नाही, ओळख चुकलेली असते. टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) रक्तवाहिनीच्या भिंतीतून मेंदूत शिरतात, तिथे मायलिन त्यांना परकं वाटतं, त्या इतर पेशींना हाका मारतात, सूज येते आणि आवरण सोलवटतं. बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचाही यात मोठा हात आहे.
‘शक्ती वाढवून’ काय होतं हे १९८७ सालीच दिसलं. गॅमा इंटरफेरॉन हे प्रतिकारपेशींना चेतवणारं द्रव्य एमएसच्या १८ रुग्णांना देऊन पाहिलं, तर ७ जणांचा आजार उसळला. उपचार थांबवावे लागले. उलट १९९३ मध्ये मान्यता मिळालेलं बीटा इंटरफेरॉन हल्ले कमी करतं. नाव तेच, गुण निराळा. नंतरची नॅटालिझुमॅब, ओक्रेलिझुमॅब ही औषधंही शक्ती वाढवत नाहीत. पहिलं पेशींना मेंदूच्या वेशीवर अडवतं, दुसरं बी-पेशी घटवतं.
म्हणून ‘पचनसंस्था’ तशी ‘प्रतिकारसंस्था’ म्हणा. संस्था बिघडू शकते, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

काजूबोंडू
सुंदर प्रतिसाद. मुळात ‘इम्यून’मध्ये लढाई नाहीच. लॅटिनमध्ये ‘इम्यूनिस’ म्हणजे कर आणि सार्वजनिक कामं माफ असलेला. आपल्याकडे इनाम जमिनीला सारा माफ असायचा. मला तर ‘इनाम’ आणि ‘इम्यून’ एकाच घरचे वाटतात.

बोरू
नाही हो. इनाम अरबी, ‘इन्आम’ म्हणजे कृपा, देणगी. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही.

काजूबोंडू
नातं नसेल, पण अर्थ तर जुळतो? देवी येऊन गेलेल्याला पुन्हा देवी माफ. हा ‘माफी’चा भाव आपण ‘प्रतिकार’ म्हणून घालवला, याचं मला वाईट वाटतं.

पाटीपेन्सिल
धाग्यात सगळे ‘मज्जारज्जू’ लिहिताहेत. आम्ही शाळेत चेतासंस्था, चेतातंतू शिकवतो. मज्जा म्हणजे हाडातला मगज. नसांना मज्जा म्हणणं ही जुनी चूक आहे.

तिरफळ
चूक असेल तर ती जगभर झाली आहे. ‘मायलिन’ हे नाव १८५४ साली जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ फिरशोने दिलं, तेही ग्रीक ‘मायेलोस’वरून, म्हणजे मज्जाच! तेव्हा ‘मज्जातंतू’तली मज्जा मला तरी परकी वाटत नाही. ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे कठीण होणं. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात फ्रेंच डॉक्टर शार्कोने या रोगाचं वर्णन केलं, ते त्या कठीण चट्ट्यांवरूनच. त्यामुळे ‘बहुकाठिण्य’पेक्षा ‘जागोजागी वण’ मला जवळचं वाटतं.

खलबत्ता
मायलिनसाठी माझी सूचना: कल्हई. माझे आजोबा कल्हई करायचे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की ताक कळकतं. पातेलं जागेवरच असतं, पण उपयोगाचं राहत नाही. तंतू आहे, कल्हई उडाली, म्हणून निरोप अडखळतो. आणि कल्हई पुन्हा लावता येते. शरीरही थोडं मायलिन पुन्हा चढवतं, असं वाचलंय.

तिरफळ
हो, चढवतं. ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी ते काम करतात, पण नवा थर पातळ असतो आणि वय वाढतं तसं काम मंदावतं.

सांडगा
कल्हई आतून असते, मायलिन बाहेरून. आम्हा वायरमन लोकांना विचाराल तर तारेवरचं रबर म्हणा, गावात कुणालाही कळेल.

खलबत्ता
रबर उंदराने कुरतडलं तर दोष उंदराचा. इथे उंदीर बाहेरचा नाही, हेच तर आंबेमोहर यांना सांगायचंय. त्यासाठी आपल्याकडे आहेच की: कुंपणानेच शेत खाल्लं.

पाटीपेन्सिल
आणि उपचाराची अडचण सांगायला ‘आपलेच दात, आपलेच ओठ’. पेशी सरसकट मारता येत नाहीत, त्या संसर्गाशी लढायलाही हव्यातच.

तिरफळ
कुंपण चपखल. फक्त त्याला चिथावणी कुणाची, हाही प्रश्न आहे. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांवरून दिसलं की एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. विषाणू बहुतेकांना गाठतो, आजार फार थोड्यांना होतो.

आंबेमोहर
सगळ्यांचे आभार, काल रात्री बहिणीबरोबर बसून सगळं वाचलं. ‘शक्ती’ सगळीकडून काढली, ‘संस्था’ केलं. ‘स्वयंप्रतिकार’ अजून तसाच आहे, त्याच्यापुढे कुंपणाचं वाक्य टाकलंय. बहीण म्हणते, ‘शत्रू’, ‘हल्ला’ हे शब्दही नकोत, कारण ते शरीर तिचंच आहे आणि तिला रोज त्यातच राहायचंय. मग ‘हल्ला’ऐवजी काय लिहू? ‘उसळी’ चालेल? सोमवारी मजकूर छपाईला द्यायचाय.

बोरू
‘उचल’ पाहा. ‘आजाराने उचल खाल्ली’ म्हणतोच आपण.

काजूबोंडू
@खलबत्ता, ‘ताक कळकलं’ हे आमच्याकडे फक्त पितळेच्या भांड्यापुरतं म्हणतात. तुमच्याकडे तांब्यालाही लावतात का?